व्हर्नाने भरलेली काडतुसं

आपली बायको व्हर्ना गेल्याचं ऑरिनला कळलं ते मायल्स सिटीच्या गुरांच्या बाजारात. शेजारच्या क्लीटचा फोन आला. "गाडी सावकाश आण रे," तो म्हणाला, "आता घाई करून उपयोग नाही."

ती गॅरेजमधल्या टेबलावर कोसळली होती. समोर भरलेल्या काडतुसांचा डबा. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेली, तिला काही कळलंसुद्धा नसेल. ऑरिनने तेवढंच धरून हिवाळा काढला.

ही काडतुसं जिच्यासाठी, ती बंदूक व्हर्नाच्या आजोबांची, रुंद तोंडाच्या नळीची, जुन्या लोखंडाची. दुकानातली आजची कडक काडतुसं त्या बंदुकीला सोसत नाहीत. म्हणून व्हर्ना स्वतः बेताची दारू घालून काडतुसं भरायची. काडतुसाचं पितळी नळकांडं लांब. चुकून दोन मापं दारू पडली तरी ते उतू जात नाही, चूक कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी ती प्रत्येकात टॉर्च मारून बघायची. त्या वेळी कुणी बोललेलं तिला खपायचं नाही.

वसंतातल्या नेमबाजीत तिच्या नावाने तिच्याच काडतुसांचे बार काढायचे, असं ऑरिनने ठरवलं. मैदानावरची देखरेख क्लीटकडे. तो आडवा आला.

"व्हर्नाच्या हातचं तू जन्मभर डोळे मिटून खाल्लंस. पण हे नाही. आधी एक फोडून बघ."

"तिची चूक काढतोस?"

"अरे बाबा, तुझं डोकं धडावर राहावं म्हणून सांगतोय. त्यात फार काही नाही, तरीपण."

ऑरिन हसला नाही. तिने सगळ्यात शेवटी भरलेलं, रांगेच्या टोकाचं काडतूस त्याने उचललं, हातोडीसारख्या अवजारात अडकवून ओंडक्यावर आपटलं. गोळी निखळून बाहेर आली. आतली दारू त्याने व्हर्नाच्याच मापात ओतली. माप शिगोशीग भरलं, आणि तेवढीच दारू अजून उरली.

"बंदूक तोंडावरच फुटली असती," क्लीट हळू आवाजात म्हणाला.

ऑरिनच्या मनात वेगळंच होतं. धडधाकट व्हर्ना असं कधी चुकली नसती. म्हणजे हे भरताना तिला बरं वाटत नव्हतं. तरी ती भरत राहिली होती, एकटी. डॉक्टर म्हणाले तसं ते एका क्षणात झालं नव्हतं.

"शेजारचं फोडू?" क्लीटने विचारलं.

त्यातही दोन मापं निघाली तर? आणि त्याच्या आधीच्यातही? म्हणजे किती वेळ ती तशीच भरत बसली होती?

ऑरिनने डब्याला झाकण लावलं.

बंदूक खुंटीवर आहे. डब्यातली बाकीची काडतुसं अजून फोडायची राहिली आहेत.