फळीखालचे आठ कॅन

महालिंगप्पाने ड्रिल मशीन खाली ठेवलं आणि उगाचच हात पुसले. काम अजून सुरूही झालं नव्हतं. समोर लिंबाजीची ॲल्युमिनियमची जुनी बोट पडली होती, आणि तिचा तळ उघडायचं तो सहा वर्षं टाळत आला होता.

तळातली फळी त्यानेच बसवलेली. नळदुर्गात त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, खिडक्या, ट्रॉल्या हे रोजचं काम. लिंबाजी जिवाभावाचा मित्र, त्याचं शेत तलावापलीकडे, म्हणून लिलावातली ही बोट त्याने हौसेनं दुरुस्त करून दिली होती. फळीखाली वीस लिटरचे आठ रिकामे निळे कॅन नायलॉनच्या दोरीनं आवळले, प्रत्येक बुचावर लाल रंगानं आकडा घातला आणि छाती ठोकून सांगितलं, "बोटीत पाणी भरलं तरी ती तळाला जात न्हाय. तू फकस्त बोट सोडू नको."

लिंबाजीनं बोट सोडली नाही. सहा वर्षांपूर्वी वादळी वावधानात बोट भरली, थेट तळाला गेली, आणि दुसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा बोटीच्या कड्याची दोरी त्याच्या मुठीत होती. गावानं महालिंगप्पाच्या कामाबद्दल काय बोलायचं ते बोलून घेतलं. अशा वेळी गाव कधी मागे राहतं का! लिंबाजीचे वडील बाबूराव मात्र काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून महालिंगप्पाशी त्यांचा एक शब्द नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटलं.

आणि परवा लिंबाजीची बायको दैवशाला स्वतःच दुकानात आली. "अण्णा, शेताला जायला आठ किलोमीटरचा फेरा पडतुय. बोट नीट करून द्या. म्या चालवते."

नाही म्हणायला त्याला तोंड कुठं होतं? नवं प्लायवूड आणि पाणी न पिणाऱ्या फोमचे जाड तक्ते घेऊन तो आला. बाबूराव अंगणात बाजेवर बसले होते, त्याच्याकडं पाठ करून.

त्यानं स्क्रू काढले. कुजलेली फळी पहारीनं उचलली आणि डोळे मिटून घेतले. कॅन फुटले असतील, नाहीतर बुचं गळकी निघतील, आपला हलगर्जीपणा आता उघड्यावर येईल, अशी त्याची खात्रीच होती. मग त्यानं पाहिलं.

सात आणि आठ नंबरचे कॅन जागेवर होते, टणक, आत थेंबभर पाणी नाही. बाकीच्या सहा जागा मोकळ्या. दोऱ्या तुटलेल्या नव्हत्या; कुणीतरी सोडून, नीट वेटोळं करून ठेवल्या होत्या. आपलं काम दगा देऊन गेलं नव्हतं! सहा वर्षांत पहिल्यांदा महालिंगप्पाला छातीभर श्वास घेता आला. साऱ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटलं त्याला.

"पाणी घ्या, अण्णा." दैवशालानं तांब्या पुढे केला. तो तिनं दाराजवळच्या निळ्या कॅनमधून भरला होता. त्याच्या बुचावर विटका लाल आकडा होता. तीन.

लिंबाजी जायच्या आधी तलाव दोन वर्षं कोरडा पडला होता ते त्याला आठवलं. बोट तेव्हा भेगाळलेल्या गाळावर उभी होती, गावात आठवड्याला एक टँकर यायचा आणि भांड्यांची मारामार असायची. सगळा उलगडा झाला आणि मघाचा आनंद कुठल्या कुठं गेला.

"काय निघालं?" बाबूराव विचारत होते. सहा वर्षांनी.

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य जाऊन कुणाच्या काळजात रुतलं असतं, हे त्याला समोर दिसत होतं. "माझंच काम कच्चं हुतं, काका," तो म्हणाला. "कॅन फुटले." आणि त्यानं घाईनं फळी परत आडवी टाकली.

पण दैवशालानं पाहिलं होतं. ती घरात गेली. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, पुन्हा आला, येतच राहिला. एकेक करून तिनं सहाही कॅन अंगणात आणून मांडले.

"मामा, अण्णा खोटं बोलत्यात. टँकरच्या साली भांडी पुरंनात म्हणून म्याच हे मागितले. तळं भरलं की परत घालू, म्हणले हुते ते. घरात वापरता वापरता ते घरचेच झाले. तळं भरलं आन् आमी दोघंबी इसरलो." इथवर तिचा आवाज स्थिर होता. मग ती त्या कॅनांशेजारी मातीत बसली.

बाबूराव उठले. तीन नंबरचा कॅन त्यांनी उचलला आणि त्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

"पोरी, हा माझ्या उशाला असायचा," ते म्हणाले. "इतकी वर्सं ह्यातलंच पाणी म्या बी प्यालो."

त्यांनी बूच घट्ट पिळलं, बोटीशी आले, कॅन त्याच्या जागेवर बसवला आणि हात पुढे केला.

"महालिंगा, दोरी दे."