टालेवरची पाचर

थांबा, कुऱ्हाडीकडे बघू नका! बोलतेय ती मी, तिच्या शेजारी लोखंडी चौकटीत बसलेली. मी पाचर. ओंडक्याला चीर दिसली की मला तिच्या तोंडाशी उभं करायचं, वरून घण घालायचा आणि मी आत शिरत शिरत त्याचे दोन भाग करायचे, हा माझा धंदा. कुऱ्हाड सगळ्यांना ठाऊक असते. पण ती जिथे अडकून बसते तिथे मलाच बोलावतात, हे कोणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. आणि आज तर मला गप्प बसवतच नाहीये!

माझा जन्म ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेतल्या लोहारखान्यात झाला. छोट्या आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा तापवला, ठोकला, एका टोकाला धार आणली, दुसऱ्या टोकाला सपाट डोकं ठेवलं. पाण्यात बुडवलं तेव्हा मी अशी काही किंचाळले की लोहार दचकून मागे सरला. शांत स्वभाव माझा तेव्हाही नव्हता.

मला पहिल्यांदा हातात घेतलं मानसिंगरावांनी. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले होते. यांच्या वाट्याला आलं फौजेच्या भटारखान्याचं सरपण. पण त्याची त्यांना जराही लाज नव्हती. ओंडका समोर आला की आधी त्याच्याभोवती फिरायचे, बोटाने टकटक करायचे, गाठ कुठे आहे, चीर कुठे धावते ते बघायचे. मग मला उभं करून ओंडक्यालाच म्हणायचे, "उघड बाबा आता." घण माझ्या डोक्यावर पडला की मी अशी खणखणायचे की बराकीतले घोडे कान टवकारायचे. डोकं ठणकायचं माझं, खोटं कशाला बोलू? पण काय मजा यायची!

मग एके दिवशी संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. काही पलटणी नव्या फौजेत गेल्या, काही माणसं घरी गेली. मानसिंगराव घरी गेले. भटारखान्याचं सामान मोडीत निघालं तेव्हा त्यांनी भांडी मागितली नाहीत, मला मागितलं. घण आणि मी, दोघांना खांद्यावर टाकून ते ग्वाल्हेरच्याच शिंदे की छावनी या वस्तीत आले आणि तिथे त्यांनी लाकडाची वखार काढली. आमच्याकडे तिला टाल म्हणतात.

टाल चालवायच्या मात्र सुमनताई, त्यांच्या पत्नी. मानसिंगराव फोडायचे, त्या रचायच्या, तोलायच्या आणि गिऱ्हाइकाशी भांडायच्या. दारात हिंदी, घरात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. "अरे भैया, लकड़ी गीली नहीं है, तुझा चूल्हाच धड नाही!" माणसांची एक गंमत मी तिथे पाहिली. रचलेल्या ढिगातलं वरचं लाकूड कोणालाच नको असतं, सगळ्यांना मधलं ओढायचं असतं. ढीग कोसळला की हेच लोक म्हणतात, नीट रचत का नाही?

अशी वर्षं गेली. मग मध्यभारतही जाणार अशी बातमी आली! मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ होणार. मी तर हसलेच. संस्थानात मी पाचर, मध्यभारतात मी पाचर, आता मध्यप्रदेशातही पाचरच राहणार. पण टालेवर कोणी हसत नव्हतं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, त्यांच्याबरोबर कारकून निघाले, कारकुनांबरोबर त्यांच्या चुली निघाल्या. रोज कोणीतरी येऊन सांगायचं, "सुमनताई, आम्ही पण चाललो हो."

मानसिंगरावांचे धाकटे भाऊ जयसिंहराव एका कचेरीत शिपाई होते. त्यांचीही बदली भोपाळला झाली. त्यांनी एकदा टालेवर बसून विषय काढलाच.

"दादा, गिऱ्हाईक सगळं निघालं. तुम्ही कोणासाठी लाकडं फोडून राहिलात? चला माझ्यासोबत. तिथे चौकीदाराच्या जागेचं बघतो."

मानसिंगरावांनी घणाचा दांडा चोळला. मग म्हणाले, "दत्तमंदिरात निरोपाची पंगत आहे. त्याच्या सरपणाचा शब्द मी दिलाय. ते वेळेवर पोचलं तर मागे राहणारी घरं माझ्याकडेच येतील, टाल जगेल. नाही पोचलं, तर टाल बंद. तुझ्यासोबत येतो, एक शब्द बोलणार नाही."

सुमनताई दाराआड उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्या मुकाट्याने तराजू पुसायला लागल्या.

ही पंगत म्हणजे साधी गोष्ट नव्हती. जाणारे आणि राहणारे, किला गेटपासून छावनीपर्यंतची सगळी मराठी घरं शेवटची एकत्र जेवणार होती. जंगलातून करधईचे ओंडके येऊन पडले. करधई म्हणजे जळायला सोनं आणि फोडायला दगड. मी तर खूश! धार शिवशिवत होती माझी.

आणि पहिल्याच सकाळी घात झाला. मानसिंगरावांनी घण उचलला, डोक्याच्या मागे नेला, आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. घण धाडकन खाली पडला, नशीब पायावर पडला नाही. हाड बसवणारा आला, खांदा बसला, हात गळ्यात बांधला गेला. "महिनाभर काही उचलायचं नाही," एवढं सांगून तो गेला.

मग सुमनताईंनी पदर खोचला. घण उचलून त्यांनी माझ्यावर घातला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ताकद होती हो त्यांच्यात! पण तो घण त्यांच्या मापाचा नव्हता. डोक्याच्या वर जातच नव्हता. मी बोटभर आत गेले आणि करधईने मला तिथेच धरून ठेवलं. मानसिंगराव बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आत निघून गेले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

संध्याकाळी दौलतसिंह आला. हा मानसिंगरावांचा फौजेतला दोस्त, मोटारींच्या कारखान्यात मिस्त्री होता. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा तिथला जुना हायड्रॉलिक दाबा भंगारात निघाला होता, तो याने घरी आणून ठेवला होता. तेलाच्या जोरावर चाकं, बेअरिंगं दाबून बसवायचं ते यंत्र. सुमनताईंनी सगळी हकीकत सांगितली. दौलतसिंह ओंडक्यात अडकलेल्या माझ्याकडे बघत राहिला आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडला, "वहिनी, होऊन जाईल! दाब्याला आडवा झोपवू, आणि ह्या पाचरीला त्याच्या तोंडासमोर बसवू!"

दुसऱ्या दिवशी मला ओंडक्यातून सोडवून दोन गर्डरांच्या मधल्या चौकटीत बोल्टांनी आवळून बसवलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला यंत्राचा जाडजूड दट्ट्या, मध्ये ओंडका. पंपाचा दांडा खालीवर केला की तेल ढकललं जातं, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या ओंडक्याला. वीज नाही, धूर नाही. गल्लीतली सगळी माणसं जमली. टोपी बाजारातला एक व्यापारीसुद्धा सायकल भिंतीला टेकवून उभा राहिला.

दौलतसिंह दांडा मारायला लागला. दट्ट्या इतका हळू निघाला की मला वाटलं, हा काय फोडणार! पण ओंडका सरकायला लागला. जन्मभर मी लाकडात शिरत आले होते. आज मी जागची हलले नाही आणि लाकूडच माझ्याकडे चालत आलं! धारेला टेकलं. कुरकुरलं. आतून कडकड आवाज यायला लागला. मी श्वास धरून बसले, आणि फाट्! करधई दोन्ही बाजूंना पडली. ना घण, ना ठणका! मी ओरडले असते, पण माझा आवाज काढायला आता वरून कोणी मारतच नव्हतं. ओरडली गल्ली.

फक्त मानसिंगराव ओट्यावर तोंड फिरवून बसले होते. "हे काही फोडणं नाही," ते म्हणाले. "लाकडाला विचारून फोडायचं असतं. हा तर नुसता दडपतो."

त्यांचं म्हणणं लगेच खरं ठरलं. दौलतसिंहने एक पिळलेला बुंधा जसा हाताला आला तसा लावला. तो अर्धा माझ्यावर चढला आणि तिथेच रुतला. दौलतसिंह जोर करतोय, गर्डर कण्हतायत, जोडातून तेल पाझरतंय, आणि गल्लीतले सगळे एकाच वेळी सल्ला देतायत. "पीछे ले!" "अरे, ठोक दे!" "पानी डालो!" करधईवर पाणी घालून काय होणार होतं, देव जाणे.

मानसिंगरावांना शेवटी राहवेना. ते उठून आले, बुंध्याभोवती फिरले, टकटक केली. "उलटा लावलास, दौलत. पीळ ह्या अंगाने फिरतो." डाव्या हाताने हातोडा मारून त्यांनी बुंधा मोकळा केला, फिरवून बसवला आणि खडूने रेघ मारली. "इथून घे." दट्ट्या पुढे आला आणि तोच बुंधा मुकाट्याने उघडला. पुढच्या ओंडक्यावर मानसिंगरावांनी आपण होऊन रेघ मारली, तेव्हा मला काय आनंद झाला!

वाटलं, झालं आता. तेवढ्यात इंदुताई आल्या. दत्ताच्या नैवेद्याचा सोवळ्यातला स्वयंपाक त्यांच्याकडे असायचा, आणि सरपणसुद्धा त्या स्वतः बघून घ्यायच्या. त्यांनी एक फाटा उचलला. त्यावर तेलाचा काळा डाग होता.

"मानसिंगराव, हे कसलं तेल?"

"मशीनचं, काकू," दौलतसिंहने मध्येच उत्तर दिलं.

"ते दिसतंय. पण त्यात चरबी वगैरे नाही ना?"

इथे कोणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण दौलतसिंह सरळ माणूस. "वो तो बनाने वाले जानें, काकू," म्हणाला. "मी काय सांगू?"

इंदुताईंनी फाटा खाली ठेवला. "मग हे नैवेद्याच्या चुलीत नाही चालायचं. वाईट वाटून घेऊ नका. मीही परवा भोपाळला चाललेय, माझ्या हातचा इथला हा शेवटचा नैवेद्य. त्यात मनाला टोचणी नको." आवाज चढला नव्हता त्यांचा. जयसिंहराव बाजूला उभे होते. त्यांनी भावाकडे बघून मान हलवली. जणू भोपाळ ठरलंच.

आणि तेव्हा सुमनताई बोलल्या. "दौलत भावजी, ह्याला एरंडेल चालतं का?"

दौलतसिंह एकदम पुढे आला. "चालतं म्हणजे काय! जुन्या गाड्यांच्या ब्रेकात एरंडेलच तर असायचं!"

"आणि इंदुताई, तुम्हाला?"

"एरंडेल?" इंदुताई म्हणाल्या. "अगं, ते तर मी नातवंडांना पाजते!"

मग काय पळापळ झाली! यंत्राचं सगळं तेल काढलं, पोट धुतलं. घराघरांतून एरंडेलाच्या बाटल्या आल्या, आणि मुलं इतकी खूश झाली की विचारू नका. मलाही राखेने घासलं, गरम पाण्याने आंघोळ घातली. यंत्र उघडलं तेव्हा आतली चामड्याची चकती बाहेर आली आणि इंदुताईंची नजर नेमकी तिच्यावर गेली. मी तर म्हटलं, संपलं!

इंदुताईंनी ती चकती वाकून बघितली. "घरात नळ आला तेव्हा त्यातही हेच असतं म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या. "महिनाभर विहिरीचं पाणी आणलं मी. मग चालवून घेतलं. हेही घेईन. फक्त लाकडाला लागू देऊ नका."

डागाचं सरपण आंघोळीच्या बंबांकडे गेलं आणि नवं फोडणं सुरू झालं. रेघ मानसिंगराव मारायचे, दांडा सुमनताई चालवायच्या. तो दांडा त्यांच्या मापाचा होता. एकदा हात बसला तसा त्यांनी दौलतसिंहलाही हात लावू दिला नाही. करधई, बाभूळ, गाठीचं, पिळाचं, सगळं माझ्याकडे चालत येत होतं, आणि मी फोडत होते, फोडत होते!

सरपण वेळेवर पोचलं. मी काही पंगतीला गेले नाही, पण परतणारा प्रत्येक माणूस छावनीतून जाताना बोलत होता. "धूर म्हणून नाही!" "पुरण काय शिजलं होतं!" कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. दोन्ही करणारेही पुष्कळ होते.

दुसऱ्या सकाळी जयसिंहराव ट्रंक घेऊन टालेवर आले. त्यांची गाडी दुपारची होती. "दादा, सरपण तर पोचलं," ते म्हणाले, "पण खांदा तुमचा हा असा. पुढे काय? अजून सांगतो, चला."

मानसिंगरावांच्या हातात खडू होता. "तेव्हा मीच ठरवून मोकळा झालो," ते म्हणाले. "हिला विचारलंच नाही. आता तूच विचार."

जयसिंहराव सुमनताईंकडे वळले. त्या दांड्याशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, कपाळाला भुसा लागलेला.

"वहिनी, मग?"

सुमनताईंनी गर्डरांमधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "भावजी, गाडीला वेळ आहे ना? तो मोठा ओंडका उचलून ठेवा बघू इथे."

जयसिंहरावांनी ट्रंक खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि ओंडका उचलून माझ्यासमोर आणून ठेवला.

लोकहो, घणाखाली मी गात होते, इथे मी गप्प असते; कधीकधी त्या खणखणाटाची आठवण येते, नाही म्हणत नाही. पण भोपाळला गेलेल्यांनो, तुम्ही सुखी असा, आणि कधी ग्वाल्हेरला आलात तर छावनीत डोकावून जा. टाल उघडी असेल. बरं, आता पुरे माझं बोलणं. मानसिंगरावांनी रेघ मारलीय, सुमनताईंनी दांड्याला हात घातलाय, आणि बघा बघा, लाकूड निघालं!