मुलगा सगळं बघतो

मंगळवारी सकाळी साडेनऊला रत्नाबाईंना फोनवर कळलं, की घरभाड्याचं सरकारी व्हाउचर पुढच्या महिन्यापासून निम्म्यावर येणार. कारण एका ओळीचं होतं: मुलाकडून नियमित मदत मिळते.

मुलगा सिद्धेश समोरच स्टुलावर बसून पोहे खात होता. नोकरी गेल्यापासून तो गाडीतून लोकांचा किराणा पोचवत होता आणि आणखी दोन भाडेकरू मुलांबरोबर एका खोलीत राहत होता. आईला शेवटचे पैसे कधी दिले, ते त्याला आठवेना. निम्मं भाडं तिच्याच्यानं भरलं जाणार नव्हतं. म्हणजे अमेरिकेतल्या शॉमबर्गमधला हा फ्लॅट सोडावा लागणार, आणि त्याच्या खोलीत चौथी गादी मावत नव्हती.

"आई, काय सांगितलंस तू त्यांना?"

"काही नाही रे. मागच्या आठवड्यात एका बाईचा फोन होता. गोड होती बिचारी. मदत कोण करतं विचारलं. म्हटलं, माय सन टेक्स केअर ऑफ एव्हरीथिंग."

"एव्हरीथिंग?"

"मग काय, पोटचा पोरगा विचारत नाही म्हणून सांगू?"

सिद्धेशने चमचा खाली ठेवला. हे वाक्य तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. मंडळाच्या गणपतीत, देवळात, नागपूरच्या मावशीला फोनवर, आई हेच सांगायची. ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या आणि आपल्या मुलांबद्दल तेच सांगायच्या. त्याचा अर्थ मुलगा पैसे देतो, असा कुणीही घेत नसे.

पूर्वी व्हाउचरच्या ऑफिसचा माणूस घरी यायचा, चार भिंती बघायचा आणि समजायचं ते समजून जायचा. यंदा वरून निधी कापला गेला, माणसं कमी झाली, भेटी बंद पडल्या. आता फेरतपासणी फोनवर, आणि जिथे चालेल तिथे कात्री. आईने ती आपल्या हाताने पुढे केली होती.

त्याने ऑफिसला फोन लावला. फोन होल्डवर ठेवून तेच सनईसारखं रडकं संगीत दुपारपर्यंत वाजत राहिलं. मधे एकदा लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक माणूस आला आणि म्हणाला, अर्जदार बाईंशीच बोलेन.

"घे. एवढंच सांग, मुलगा पैसे देत नाही," सिद्धेश फोनवर हात ठेवून म्हणाला.

"तू बाहेर जा आधी."

"अगं, आत्ता?"

"तुझ्यासमोर नाही बोलणार मी असलं."

तो कॉरिडॉरमध्ये जाऊन दाराला कान लावून उभा राहिला.

"नो, सर. नो मनी," आतून आवाज आला. सिद्धेशने श्वास सोडला. "बट ही वॉन्ट्स टू गिव्ह. व्हेरी गुड बॉय. नेक्स्ट मंथ ही विल गिव्ह, शुअर."

सिद्धेशने कपाळ दारावर आपटलं. तो आत येईपर्यंत फोन ठेवलेला होता.

"आई! नेक्स्ट मंथ कशाला घातलंस मधे?"

"देशील ना कधीतरी?"

सिद्धेशने फोन उचलून बघितला. "त्याने लिहून घेतलं का ते?"

"टाइप करत होता बाबा काहीतरी. टकटक ऐकू येत होती."

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद होण्याआधी सिद्धेशने पुन्हा फोन केला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सांगितलं, की प्रकरण विचाराधीन आहे. नेमकं कुठलं वाक्य विचाराधीन आहे, ते त्या आवाजाला सांगता येत नव्हतं.