अठरा सेकंद

महादेव मागाच्या खड्ड्यात उतरला, उजव्या पेडलखालची लाल वायर त्यानं दातानं सोलली आणि हात वर करून सोल्डरिंगची तापलेली कांडी मागितली. त्याच्या लेकीनं, सौम्यानं ती मुठीकडून पुढं केली. धुराचा बारीक दोरा वर आला.

"ही शेवटची वायर. आता रेघ तुटली तर दोष वायरीचा न्हाय."

"मग कशाचा, आप्पा?"

"बोर्डाचा. त्या स्वस्तातल्या बोर्डावर माझा पहिल्यापासनं भरवसा न्हाय."

बेळगावच्या वडगावातल्या त्या घरात हा खड्डा त्याच्या वडिलांचा. पाय आत सोडून ते चाळीस वर्षं साड्या विणत बसले. ते गेल्यावर माग विकला गेला, खड्डा तेवढा राहिला. तीन वर्षांपूर्वी महादेवानं कॉम्प्युटरवर विमान उडवायला त्याच्या काठावर भंगारात निघालेल्या बसची सीट बसवली, खाली रडरचे दोन पेडल लावले, समोर प्लायवूडचं पॅनेल उभं केलं. पॅनेलवरची बटणं रिक्षाच्या स्पेअर पार्टांच्या दुकानातली, इंजिनाचे दांडे मागाच्या मागं उरलेल्या सागवानी तुकड्यांचे. विमान वळवायचा योक त्यानं जुन्या स्कूटरच्या बेअरिंगवर बसवला होता. तो इतका अलगद फिरायचा, की सौम्याच्या पॉलिटेक्निकमधले सर एकदा मुद्दाम बघायला आले होते. भिंतीपलीकडचे यंत्रमाग सुरू असले की अख्खं पॅनेल थरथरायचं आणि महादेवाला ते आवडायचं. खऱ्या विमानालाही इंजिनाची थरथर असते म्हणायचा.

दिवसा तो मालकाची खासगी बस चालवायचा. बेळगाव ते निपाणी, रोज दोन फेऱ्या. संध्याकाळी हातपाय धुऊन तो पडद्यावरच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून उडायचा, कंग्राळीच्या शेतांवरून उत्तरेला वळायचा आणि खालचा हमरस्ता धरून कोल्हापूरला उतरायचा. बावीस वर्षं जो रस्ता काचेतून बघितला, तोच वरून.

दसऱ्यापासून मात्र विमान मध्येच हातातून सुटायला लागलं होतं. सगळं सुरळीत असायचं, आणि एकदम विमान हजार फूट खाली, एका पंखावर कललेलं. मधलं काही दिसायचंच नाही. सॉफ्टवेअर अडकतंय, असं तो धरून चालला. म्हणून सौम्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. योक, इंजिनाचा दांडा आणि पेडल, प्रत्येकाची हालचाल तो एकेका रेघेत नोंदवायचा. रेघा सतत बारीक कापत असत, कारण माणसाचा हात कधी पूर्ण स्थिर नसतो. पण अधूनमधून तिन्ही रेघा एकदम सपाट व्हायच्या. कधी अकरा सेकंद, कधी चौदा. मग पुन्हा कापायला लागायच्या.

वायर बदलूनही त्या संध्याकाळी रेघा दोनदा सपाट झाल्या.

दुसऱ्या दिवशी महादेवानं बोर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी सौम्यानं योक स्वतःच्या लॅपटॉपला जोडला आणि पेडल जुन्या कॉम्प्युटरला. दोन बोर्ड, दोन मशिनं. उड्डाण संपल्यावर तिनं दोन्हीकडच्या नोंदी शेजारी लावल्या आणि सेकंद पुन्हा पुन्हा ताडून बघितले.

"काय झालं गं?"

"दोन्ही एकाच सेकंदाला थांबल्यात."

"व्होल्टेज पडत असंल. शेजारी चार माग चालू हायत."

तिनं सगळं इन्व्हर्टरवर टाकलं. रेघा तरीही थांबल्या.

"आता तू चालव बघू," महादेव म्हणाला.

सौम्या तासभर उडाली. तिला उतरायला नीट जमत नसे, कोल्हापूरच्या धावपट्टीवर विमान दोनदा उसळलं. पण तिची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत कापत राहिली.

महादेव सीटच्या पाठीला हात टेकून उभा होता. "तुझा हात हलका हाय. माझा जोर बसतो. जोर बसला की आत कुठंतरी सुटतंय." त्यानं स्वतःच उपाय काढला. "असं करूया. बोर्डावर हिरवा दिवा हाय न्हवं? मोबाईल लावून शूटिंग कर. सुटलं की दिवा विझंल. मग कळंल."

रविवारी दुपारी सौम्यानं लोट्याला टेकवून मोबाईल उभा केला. बोर्ड आणि आप्पा, दोन्ही चौकटीत आले. महादेव उडाला. कंग्राळी गेली, काकती गेली. संकेश्वरच्या अलीकडं विमान सुटलं, डोंगरावर आपटलं आणि पडदा लाल झाला.

"बघ, सुटली परत वायर," तो म्हणाला. "घावला आता चोर. आण इकडं मोबाईल."

सौम्यानं मोबाईल उचलला, पण दिला नाही. "आप्पा, नंतर बघूया. आधी जेवूया."

"आण म्हणतो न्हवं."

दोघं खड्ड्याच्या काठावर बसून बघू लागले. हिरवा दिवा लागलेला होता. महादेवानं बोट त्याच्यावरच रोखलं होतं. दिवा विझला नाही. आपला हात योकवरून सुटलेला त्याला उशिरा दिसला. त्या हाताची बोटं शर्टाचं बटण चाचपत होती, लहान पोरं चाचपतात तशी. तोंड काहीतरी चघळत होतं, तोंडात काही नसताना. डोळे उघडे होते, समोरच्या पडद्याकडं लागलेले. पडद्यावर विमान हळूहळू कलत चाललं होतं. मागून सौम्याचा आवाज येत होता.

"आप्पा, उजवीकडं घ्या. आप्पा. आप्पा?"

मोबाईलमधल्या माणसानं घोट गिळला. विमान आपटलं. त्याचा हात योकवर गेला आणि तो म्हणाला, "बघ, सुटली परत वायर."

हे वाक्य महादेवाला आठवत होतं. त्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं. सौम्याची हाकसुद्धा.

त्यानं ते तीनदा लावून बघितलं. तिसऱ्यांदा ओठांनी आकडे मोजत.

"अठरा," तो म्हणाला.

सौम्या खाली बघत होती.

"याच्या आधी कवा बघितलंतीस?"

"चहा पिताना. दोनदा. कप तिरका झाला, तुमाला कळलं न्हाय. मला वाटलं, तुमी इमानाचा इचार करताय."

महादेव उठला आणि पॅनेलची सगळी बटणं एकेक करून बंद केली. पंखा, दिवा, इंजिन. साठच्या वेगानं गाडी अठरा सेकंदांत तीनशे मीटर जाते. एवढा हिशेब कुठल्याही ड्रायव्हरला तोंडपाठ असतो. रोजच्या वाटेवरच्या वंटमुरीच्या उतारावर वळणापासून पुढच्या वळणापर्यंत तीनशे मीटरसुद्धा नाहीत.

"आईला फोन लावू?" सौम्यानं विचारलं. आई म्हणजे राणी, पंधरा दिवसांपासून निपाणीला माहेरी होती. तिच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं.

"फोनवर नको. उद्या मी स्वतः जाऊन सांगतो."

"कसे जाणार?"

चपला घालून तो बाहेर पडला.

मालकाच्या आवारात यमनाप्पा बस धूत होता. तिकीट फाडणं, सामान चढवणं, गाडी धुणं, सगळं तोच करायचा. घरात कन्नड, महादेवाशी मराठी. महादेवाला बघून त्यानं नळ बंद केला.

"काय अण्णा, सुट्टीदिवशी?"

"एक इचारायचं हाय. खरं सांग. गाडी चालवताना मी कधी थांबतो? म्हंजे, गाडी चालू असती, आणि मी थांबतो?"

यमनाप्पानं हातातलं फडकं पिळलं. पाणी निथळून संपलं तरी तो पिळत राहिला.

"दिवाळीच्या आदी एकदा," तो म्हणाला. "मी हाक मारली, तुमी बगिटला न्हाय. मग वंटमुरीच्या उतारावर. तवा मी स्टिअरिंग धरलो. बोटभर फिरवलो फक्त. तुमाला कळलंबी न्हाय."

"म्हणून आता मागच्या दाराला उभा ऱ्हात न्हाईस. गिअरजवळ बसतोस."

"व्हय."

"आणि दिवसभर बडबडतोस."

"बोलत ऱ्हायलं की बरं वाटतंय अण्णा. तुमी उत्तर दिला की कळतंय, हाय म्हणून."

महादेव टायरवर बसला. "मला का सांगिटलं न्हाईस?"

"झोप म्हटलो. तुमी दारू पीत न्हाय, काय न्हाय. पोरगी शिकतीया." मग आवाज बारीक करून तो म्हणाला, "मालकाला सांगिटलो. लग्नाचा सिझन हाय, कुठला ड्रायव्हर आणू म्हटले. तूच पुढं बसत जा म्हटले."

बसच्या काचेवरून साबणाचं पाणी घरंगळत होतं. या दोन महिन्यांत गाडी कितीदा भरून गेली असेल, ते महादेवानं मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्याच्या पोटऱ्या आपोआप ताठल्या होत्या, जोरात ब्रेक दाबावा तशा.

सोमवारी सकाळी साडेसहाला आवारातच उभ्या गाडीच्या निम्म्या सीटा भरल्या होत्या. ताराबाई नेहमीच्या जागी, ड्रायव्हरच्या मागं, फुलांची पाटी पायाशी घेऊन बसली होती. महादेव दारातच थांबला. मालक मोटरसायकलवर आला, तसं त्यानं किल्ली पुढं केली.

"मी आजपासनं गाडीवर बसणार न्हाय. मला फिट येतीया."

मालकानं इकडंतिकडं बघितलं. "हळू बोल की. कुणी सांगिटलं फिट म्हणून? डॉक्टर हायस व्हय तू?"

"तुमालाबी म्हाईत हाय, मालक."

मालक मोटरसायकलवरून उतरला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ महादेवा. आजची एवढी फेरी मार. यमनाप्पा हाय शेजारी. उद्या मी स्वतः तुला डॉक्टरकडं नेतो, मग तर झालं?"

"न्हाय."

"दुसऱ्या गाडीवरचा रवळू तासभर यायचा न्हाय. एवढी माणसं काय चालत जाणार?"

"तासभर बसतील. न्हायतर आज गाडी जाणार न्हाय."

किल्ली मालकानं घेतली नाही. महादेवानं ती मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली आणि तो मागं सरला.

रवळू पाऊण तासानं आला, डोळे चोळत. महादेव तिकीट काढून ताराबाईच्या शेजारी खिडकीला बसला. तिनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"काय रं, आज तुझ्या हातात न्हाय व्हय गाडी?"

"न्हाय आक्का. राणीकडं चाललोय."

"मग उतरू का मी? ह्या पोराचा मला भरवसा न्हाय बाबा. तू चालवतोस तवा मी डोळं झाकून बसती."

यमनाप्पा मध्ये आला, "आक्का, पाटी आत घ्या, वाटेत हाय," आणि वाटेपलीकडच्या सीटवर, महादेवाच्या ओळीतच बसला.

काकती गेली. वंटमुरीचा उतार लागला तसं महादेवानं समोरच्या सीटची दांडी धरली आणि एकेक वळण मनात म्हणत गेला. पहिलं, जिथं दरड खणलीय. दुसरं, जिथं गेल्या साली ट्रक पलटी झालता. तिसरं. चौथं. एकही सुटलं नाही. रवळू गाडी बरी चालवत होता, थोडी घाईनं. खालचं सपाट रान आलं आणि महादेवानं दांडी सोडली. तळहातावर तिची खूण उमटली होती.

संकेश्वरला गाडी थांबली. यमनाप्पानं चहा आणला. महादेवानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, एक थेंबही न सांडता. त्याला बरं वाटलं. सौम्यानं रात्री मोबाईलवर वाचून सांगितलं होतं, यावर गोळ्या असतात, नेमानं घेतल्या तर बऱ्याच लोकांचं थांबतं. चार-सहा महिने. मालकाचा राग तोवर निवेल. अठरा सेकंद म्हणजे तरी किती. उताराला पूर्ण ध्यान दिलं, तर आलंसुद्धा नाही. ध्यान दिलं की येत नसेल. आपण उगाच घाबरलो काय?

ताराबाईनं पदराच्या गाठीतल्या शेंगा त्याच्या ओंजळीत टाकल्या. "खा. तोंड बघ कसं झालंय."

रस्त्याच्या कडेला तवंदी घाटाची पाटी आली. महादेव सरळ बसला. इथलीही सगळी वळणं मोजायची, त्यानं ठरवलं. एक शेंग फोडली.

मग यमनाप्पाचा हात त्याच्या मनगटावर होता. घट्ट. बाहेर घरं होती, तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या. त्याला वाटलं, हे कुठलं गाव. शेंगा मांडीवर, सीटवर, खाली सांडल्या होत्या. ताराबाई सीटच्या कडेला सरकून बसली होती. तिचं तोंड त्याच्याकडं वळलेलं होतं आणि एक हात तोंडावर होता.

"घाट लागला काय रं?" महादेवानं विचारलं. जीभ जड झाली होती.

"गेला अण्णा," यमनाप्पा म्हणाला. "मघाच."

"अख्खा?"

यमनाप्पानं मान डोलावली. रवळूनं हॉर्न देत गाडी स्टँडकडं वळवली. माणसं आपापलं सामान घेऊन उठायला लागली, त्याच्या सीटजवळून जाताना अंग चोरून पुढं सरकली. खिडकीतून राणी दिसली. तो येतोय एवढंच सौम्यानं कळवलं असणार. ती पायऱ्यांशी उभी राहून येणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेत, ड्रायव्हरच्या जागी, त्याला शोधत होती.

गाडी थांबली. महादेव लगेच उठला नाही. सगळे उतरून जाईपर्यंत तो यमनाप्पाचा हात धरून बसून राहिला.