तळघरातला नान

फेब्रुवारीत शेतांतला खार धुवायला पाणी सोडलं, की गावातली सगळी तळघरं पाझरू लागतात. याला कोणी संकट म्हणत नाही, वहिवाट म्हणतात. कोल्दोशने पाटकरी म्हणून तीस वर्षं हेच पाणी सोडलं आणि तीस वर्षं घरी येऊन बादलीने उपसलं. आपल्या कामाचं फळ इतकं रोकडं फार थोड्यांना मिळतं.

यंदा त्याने तळघराच्या भिंतींना जाड सिमेंट लिंपलं. पाण्याने तो मान राखला आणि ते जमिनीतून वर आलं. मग भिंतीत ओल चढली, सिमेंटचा पोपडा सुटला आणि खिळ्यासकट इल्होमचा नान पाण्यात पडला.

पाच वर्षांपूर्वी रशियाला मजुरीला निघताना पोराने रिवाजाप्रमाणे त्या नानाचा एक घास घेतला होता. उरलेला परत येऊन संपवायचा. तीन वर्षं झाली, त्याचा फोन नव्हता. नान आधी बैठकीत टांगलेला असे, पण येणारा प्रत्येक जण त्याकडे बघून "काही कळलं का?" विचारी. म्हणून इल्होमच्या आईने, ओयसाराने, तो खाली गाजरांच्या ढिगावर नेऊन टांगला. तेव्हापासून तिला एक गाजर आणायला अर्धा तास लागे.

कोल्दोशने पाण्यात हात घातला. हाताला लगदा लागला.

"अहो, गाजरं भिजली का?" वरून ओयसारा.

"तू उतरू नकोस, घसरशील!"

तो अंगणातून थेट शेजारच्या होसियतच्या तंदुराशी गेला.

"एक नान दे. जरा कडक बघून."

"कवळी बसवली म्हणून एवढी मिजास, कोल्दोश आका?"

त्याने आडोशाला जाऊन नानाचा एक घास दातांनी तोडला.

परत आला तर ओयसारा तळघराच्या तोंडाशीच उभी. त्याने नान पुढे केला. "भिजता भिजता वाचला."

तिने नान हातात घेतला. कोमट होता. इल्होमचा पुढचा दात अर्धा तुटलेला. हा चावा एका रांगेत, नवाकोरा. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"बैठकीत खिळा ठोका," ती म्हणाली. "उंच."

"लोक विचारतील."

"विचारू देत."

मग ती गाजर आणायला खाली उतरली, आणि लगेच वर आली.