उतरताना न सुटलेला स्वर

मित्रांनो, मला श्वास आहे, म्हणून मी बोलू शकतो. मी उत्तर समुद्राच्या बांधाआडच्या एका चर्चमधला जुना ऑर्गन आहे. कारागिरांनी मला ओक लाकडाची पेटी दिली, चामड्याचा भाता दिला, कथील-शिशाच्या नळ्या दिल्या. गावातली लग्नं आणि मयतं माझ्यावाचून कधी झाली नाहीत. लोक कौतुक करत आणि मला ते आवडे.

अलीकडे मात्र मला शनिवारची धास्ती वाटते. चर्चची देखभाल करणारा ओक्को शनिवारी येतो आणि हीटरची कळ एकदम शेवटापर्यंत फिरवतो. रविवारी लोकांना ऊब मिळते, पण माझं लाकूड आतून करकरतं.

ऑर्गन वाजवणाऱ्या गेशेबाई त्याला बजावत, "हळूहळू तापव रे ओक्को. लाकडाला सोसत नाही."

"माणसं कुडकुडतात त्याचं काय?"

"माणसं कोट घालतात. लाकूड काय घालणार, तुझी टोपी?"

ओक्को हसे आणि कळ होती तिथेच ठेवी.

गेशेबाईंनी आपल्या शिष्येला, इम्केला, माझ्यावरच मेलोडिक मायनर ही पाश्चात्त्य संगीतातली स्वरमाला शिकवली. चढताना सहावा आणि सातवा स्वर अर्धी पायरी वर घ्यायचे, उतरताना ते पुन्हा खाली आणायचे. इम्के उतरतानाही ते वरच ठेवी.

"मावशी, चढताना धरलेले उतरताना का सोडायचे?"

"चढताना सातव्याला वरच्या स्वराची ओढ असते. ते त्याचं घर. घर गाठलं की ओढ सोडायची, पोरी. नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. माझ्या मयताला हेच वाजव. आणि उतरताना चुकू नकोस."

त्याच हिवाळ्यात गेशेबाई गेल्या. सारा गाव येणार म्हणून ओक्कोने आदल्या दिवशीच हीटरची कळ शेवटापर्यंत फिरवली. शवपेटी खाली होती, इम्के वर सज्जात माझ्यापाशी. ती सुरेख चढली. सातवा स्वर वाजला, वरचं घर आलं, ती उतरू लागली. तिची बोटं कुठेही चुकली नाहीत. पण सातव्याच्या नळीत वारा सोडणारी झडप सुकून वाकली होती, ती मिटेना. इम्केने बोट उचललं तरी तो चढा स्वर ओरडतच राहिला आणि खालचे स्वर त्याच्यावर आदळत राहिले. मला थांबायचं होतं, मित्रांनो. थांबता येत नव्हतं.

"काय वाजवतेय ही?" खाली कुणीतरी कुजबुजलं.

शेवटी इम्के माझ्या पोटात शिरली आणि तिने ती नळीच उपसून काढली. मग खाली जाऊन ती शवपेटीपाशी उभी राहिली. "मावशी, मी सोडला होता हो," एवढंच म्हणाली.

ओक्को सगळ्यांत जास्त रडला. पण हीटरचा आणि त्या स्वराचा संबंध त्याच्या ध्यानात आला नाही.

ती नळी आता खिडकीत पडून आहे. मी चढतो तेव्हा घराच्या अलीकडची पायरीच नसते. मित्रांनो, जुन्या वस्तूंना ऊब जरूर द्या, पण सावकाश द्या. आमच्या आत काय तडकतं ते बाहेरून दिसत नाही.

आज शनिवार आहे. ओक्को आला आहे, खाली कळ फिरते आहे, आणि माझ्या सहाव्या स्वराखाली आत्ताच काहीतरी करकरलं.