पोटात न टिकलेला घास

मी बिस्किट बोलतोय. नावावरून चहात बुडवायची वस्तू वाटेल, पण मी साप आहे. नारिंगी अंग, पाठीवर तांबडे ठिपके आणि विष म्हणाल तर औषधालाही नाही. इकडे दक्षिण कॅरोलिनात माझ्या जातीला मक्याचा साप म्हणतात. आमचे वाडवडील मक्याच्या कोठारांत उंदरांमागे फिरायचे म्हणे. मी कोठार कधी पाहिलं नाही. माझं जग म्हणजे एक काचेची पेटी, तिच्यात पसरलेला लाकडाचा भुसा, पाण्याचं भांडं आणि एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा.

आणि ट्वायलाचा हात. खरं तर हे सगळं सांगायला बसलोय ते त्या हातासाठीच.

अंड्यातून बाहेर आलो तेव्हा मी पेन्सिलीएवढा होतो. जत्रेच्या मैदानावर सापांचा बाजार भरला होता आणि झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत आम्ही भावंडं ओळीनं मांडलेली होतो. शाळकरी ट्वायलानं माझा डबा उचलला तो परत खाली ठेवलाच नाही. घरी तिचे वडील हार्लन दारातच उभे होते. आई नसलेलं घर, बापलेक दोघंच.

"लोक घरातला साप हाकलायला काठी शोधतात, आणि तू त्याला खोली देणार?"

"खोली नाही डॅडी, पेटी. हा कुणाला काही करत नाही."

"अगं, पाय नसलेल्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? पळाला तर आवाजही येणार नाही!"

मला कान नाहीत, पण बोलणं काचेतून, लाकडातून माझ्या जबड्यापर्यंत पोहोचतं. हार्लनचा अविश्वास मला पहिल्याच दिवशी ऐकू आला आणि थोडा रागही आला. पळून मी जाणार कुठे होतो?

ट्वायला अभ्यासाला बसली की मी तिच्या डाव्या मनगटाला वेढा घालायचो. तिथं आत एक ठोका चालू असतो. त्या ठोक्यावर डोकं टेकलं की मला कशाचीच भीती वाटायची नाही. लोक म्हणतात, सापाला माया नसते, त्याला फक्त ऊब कळते. असेल बुवा. मग दिव्याची ऊब आणि तिच्या हाताची ऊब मला वेगवेगळी का वाटावी?

एक नियम मात्र ती कडक पाळायची. जेवण झाल्यावर दोन दिवस मला हात लावायची नाही. आमचं जेवण म्हणजे अख्खा उंदीर, तोही न चावता. तो पोटात सावकाश विरघळतो. तेवढ्यात कुणी हाताळलं, घाबरवलं किंवा ऊब कमी पडली, की गिळलेलं उलटून बाहेर येतं. तुम्ही माणसं ओकता, चूळ भरता आणि संध्याकाळी पुन्हा जेवता. आमच्या जिवावर बेततं.

पोरी मोठ्या होतात. ट्वायला नौदलात भरती झाली. निघायच्या दिवशी तिनं मला बराच वेळ धरून ठेवलं. "लवकर येते हं, बिस्किट," म्हणाली. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या हार्लनच्या ताब्यात मला दिलं, दिव्याची उष्णता समजावली, फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवलेले उंदीर दाखवले, आणि गेली.

सुरुवातीला हार्लन लांब चिमट्यानं उंदीर पुढं करायचे, तोंड दुसरीकडे फिरवून. "घे बाबा, माझं बोट सोडून काय हवं ते घे." पुढं पुढं मान वळली. मग चिमटा आखूड झाला. शेवटी एका रविवारी पाण्याचं भांडं काढायला घातलेल्या हातावर मी चढलो, आणि ते ओरडले नाहीत. त्यानंतर फुटबॉलचा सामना आम्ही दोघं मिळून बघू लागलो, म्हणजे ते बघायचे आणि मी त्यांच्या खांद्यावर पडून राहायचो. ठोका त्यांच्याही मनगटात होता. पण तो ट्वायलाचा नव्हता, आणि हे त्यांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं.

मग थँक्सगिव्हिंगचा दिवस आला. त्या दिवशी इथली माणसं भाजलेल्या टर्कीसमोर बसून देवाचे आभार मानतात आणि कमरेचा पट्टा सैल करावा लागेल इतकं जेवतात. ट्वायलाला रजा मिळाली नव्हती. हार्लनची बहीण ओपल आपल्या गोतावळ्यासह रताळ्याचं 'पाय' नावाचं गोड पक्वान्न घेऊन आली होती. जेवायच्या आधी हार्लन माझ्या पेटीपाशी आले. हातात नेहमीचा छोटा उंदीर नव्हता. चांगला घुशीएवढा होता.

"आज या घरात कुणी अर्धपोटी राहायचं नाही," ते म्हणाले.

"तो साप आहे हार्लन, पाहुणा नव्हे," ओपलबाई करवादल्या.

"ट्वायलाच्या जागी तोच आहे."

ओपलबाई टर्की कापायला वळल्या. आणि मी? समोर आलेला घास नाकारणं आमच्या कुळात नाही. जबडा दुखेपर्यंत ताणला आणि गिळला.

जेवणं रंगात आली आणि हार्लनच्या फोनवर ट्वायला दिसू लागली. सगळे एकदम ओरडले. "बिस्किट कुठंय, डॅडी?" तिनं विचारलं आणि त्या आनंदात हार्लन नियमबियम विसरले. मला उचललं आणि फोनसमोर धरलं. मला त्या चकाकत्या काचेत काहीच दिसलं नाही. तिला वास नव्हता, ऊब नव्हती. तोवर ओपलबाईंच्या नातीनं मला ओढून घेतलं, तिच्याकडून मी ओपलबाईंच्या जावयाकडे गेलो आणि ज्याच्या हाती मी त्यानं आभार मानायचे, असा खेळच सुरू झाला.

"अहो डॅडी, त्याचं पोट केवढं फुगलंय! खाली ठेवा त्याला, ठेवा आधी..."

उशीर झाला होता. मी तेव्हा ओपलबाईंच्या मांडीवर होतो. अख्खा उंदीर त्यांच्या नव्या झग्यावर आला. त्या किंचाळून उठल्या, टेबल हललं आणि फोन टर्कीच्या रश्श्याच्या भांड्यात पडून बुडाला. ट्वायलाचा आवाज तिथंच बंद झाला.

"मी देवाचे कसले आभार मानू आता?" ओपलबाई झगा झटकत म्हणाल्या.

पोरं हसून लोळली. हार्लन हसले नाहीत. सणाच्या दिवशी आपल्या घरी कुणी रिकाम्या पोटी राहिलं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा उंदीर दिला. मी पुन्हा गिळला आणि पुन्हा ओकलो. या खेपेला घसा आतून भाजला. मान उचलवेना. पाण्याच्या भांड्याला वेढा घालून नुसता पडून राहिलो.

नवा फोन आला तेव्हा हार्लननं पेटीजवळ बसूनच ट्वायलाला सगळं सांगितलं.

"लगेच दुसरा दिलात? डॅडी!"

"उपाशी होता गं तो."

"त्याचं पोट आतून सोलून निघालंय. आता अन्न बंद. दोन आठवडे फक्त पाणी आणि ऊब. आणि त्याला हात लावायचा नाही."

"हातसुद्धा नाही?"

"हात तर मुळीच नाही. आणखी एकदा ओकला तर तो वाचायचा नाही, डॅडी."

ते दिवस फार वाईट गेले. भुकेची आम्हाला सवय असते, तिचं काही नाही. पण हार्लन समोर खुर्ची टाकून बसायचे, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. "मी जेवायला घालून तुला मारायला निघालो होतो रे," म्हणायचे. मला त्यांच्या खांद्यावर जावंसं वाटायचं, आणि त्याहून जास्त ट्वायलाच्या मनगटावर.

उपास सुटला तो बोटाच्या पेराएवढ्या उंदराच्या पिल्लावर. ते पुढं ठेवून हार्लन घराबाहेर ट्रकमध्ये जाऊन बसले. आपण घरात राहिलो तर डोकावून बघू, बघितलं तर हात लावू, एवढी स्वतःची खात्री होती त्यांना! घास टिकला. पुढचाही टिकला. हिवाळा संपेपर्यंत माझ्या अंगावर जरा तकाकी आली, आणि अंगणात अझेलिया फुलल्या त्या दिवसांत एका सकाळी हार्लननं मला दुखण्यानंतर पहिल्यांदाच पुरता वाढलेला उंदीर दिला. मी पोट जड करून दिव्याखाली पसरलो.

त्याच दुपारी जमीन हलली. पावलं मागच्या दारातून आली आणि मी ती ओळखली. कशी नाही ओळखणार?

बापाला चकित करायचं म्हणून ट्वायला न कळवता आली होती. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जाताना मध्ये एका रात्रीची सवड मिळाली होती. हार्लन तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. मग ती सरळ माझ्याकडे आली आणि तिनं झाकण उघडलं. मी जीभ बाहेर काढली. तीच. खाऱ्या वाऱ्याचा आणि परक्या साबणाचा वास होता, पण खाली तीच होती. मी जड पोटानिशी काचेला टेकून उभा राहिलो.

"थांब!" हार्लन ओरडले. "सकाळीच जेवलाय. दुखण्यातून उठल्यावर पहिला मोठा घास आहे त्याचा."

तिचा हात वरच थांबला. मनगट इतकं जवळ होतं की त्याची ऊब माझ्या डोक्याला लागत होती.

"उद्या पहाटे माझं विमान आहे, डॅडी."

"मला माहीत आहे."

"जरा वेळच धरते. फक्त एकदाच."

"तूच सांगितलं होतंस, पोरी."

मला वाटलं, धर. ओकलो तर ओकलो, मेलो तर मेलो, पण धर. मी आणखी वर सरकलो. तिनं ते पाहिलं आणि माझ्या तोंडावर झाकण लावून घेतलं. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि बराच वेळ रडली. रात्रीचं जेवण बापलेकीनं पेटीसमोर, मांडीवर ताटं घेऊन केलं. पहाटे पावलं दारापर्यंत गेली आणि मग जमीन हलायची थांबली.

तो घास टिकला. हार्लन सगळ्यांना सांगतात, आता बिस्किटला धोका नाही. ते मला खांद्यावर घेतात, आम्ही सामने बघतो आणि माझं वजन वाढतंय. तक्रार करायला जागा नाही.

पण तुमच्यापैकी कुणी समुद्राच्या वाटेनं जाणार असाल आणि तिची गाठ पडलीच, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, पुन्हा अशी अचानक येऊ नकोस. निघायच्या आधी डॅडींना कळव. तू येईपर्यंत मी उपाशी राहीन.